शब्द दिला आणि पाळला : व्हर्जिनियातील १७८९ ची एक निवडणूक

१/
अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दहा दुरुस्त्यांना ‘बिल ऑफ राइट्स’, म्हणजे हक्कांची सनद म्हणतात. ही सनद राष्ट्रनिर्मात्यांच्या गहन चिंतनातून अवतरली, असे आपण सहसा वाचतो. माझे मत थोडे निराळे आहे. चिंतन होतेच; परंतु ते चिंतन कायद्यात उतरले ते एका अटीतटीच्या निवडणुकीमुळे. एक उमेदवार पराभवाच्या छायेत उभा होता आणि त्याने मतदारांना शब्द दिला. या जन्मकथेने सनदेला उणेपणा येतो असे पुष्कळांना वाटते. मला वाटते, तिचा खरा मान त्यातच आहे. हा धागा त्या निवडणुकीचा.

२/
स्थळ : व्हर्जिनिया राज्याचा पाचवा मतदारसंघ. दिवस : २ फेब्रुवारी १७८९. नव्या घटनेनुसार भरणाऱ्या पहिल्या प्रतिनिधिगृहासाठी ही निवडणूक होती. एका बाजूला जेम्स मॅडिसन, वय ३७, घटनेच्या शिल्पकारांतील अग्रणी. दुसऱ्या बाजूला जेम्स मन्रो, वय ३०, ट्रेंटनच्या लढाईत गोळी झेललेला तरुण वकील. पुढे हे दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले, एक चौथा आणि दुसरा पाचवा. त्या दिवशी मात्र दोघांपैकी एकाला घरी बसावे लागणार होते.

३/
थोडे मागे जाऊ. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना तयार झाली. अधिवेशन संपत आले असता, १२ सप्टेंबरला, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी घटनेच्या आरंभी हक्कांची सनद असावी असा विषय काढला. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरी यांनी तसा प्रस्ताव मांडला. एकाही राज्याने त्याच्या बाजूने मत दिले नाही. सगळे थकले होते आणि घराकडे डोळे लागले होते. पाच दिवसांनी घटनेवर सह्या झाल्या. मेसन आणि गेरी यांनी सही करण्यास नकार दिला.

४/
मॅडिसनना हक्कांचे वावडे होते, असे मात्र समजू नये. १७७६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी व्हर्जिनियाच्या हक्कघोषणेच्या मसुद्यातील धार्मिक ‘सहिष्णुते’चा उल्लेख बदलून तेथे धर्मपालनाच्या समान हक्काची भाषा आणवली होती. सहिष्णुता ही सत्तेने केलेली मेहेरबानी असते. हक्क हा माणसाचा स्वतःचा असतो. हा भेद ज्याला त्या वयात कळला, तोच माणूस १७८७ मध्ये सनदेची निकड मानत नव्हता. असे का?

५/
त्यांचे उत्तर अनुभवातून आलेले होते. राज्यांच्या हक्कघोषणा कागदावर होत्या आणि विधिमंडळातील उन्मत्त बहुमत त्या खुशाल तुडवत होते. लेखी हक्क म्हणजे कागदी कुंपण. बैल यायचा तेव्हा येतोच, असा त्यांचा सूर होता. खरे संरक्षण सत्तेच्या विभागणीत आहे, असे ते मानत. शिवाय चार हक्क लिहिले तर न लिहिलेले पाचवे हक्क गमावले असा अर्थ कोणी काढील, ही भीतीही होतीच. युक्तिवाद वजनदार होता. पण मतदारांना पटण्याजोगा नव्हता.

६/
जून १७८८ मध्ये रिचमंड येथे व्हर्जिनियाची मान्यता-परिषद भरली. घटनेच्या विरोधकांचे सेनापती होते पॅट्रिक हेन्री, त्या काळचे सर्वांत दणदणीत वक्ते. मन्रोही विरोधकांतच होते. निकाल लागला ८९ विरुद्ध ७९. अवघ्या दहा मतांनी घटना तरली. हेन्री रणांगण हरले, पण राज्याचे विधिमंडळ अजून त्यांच्या मुठीत होते आणि हिशेब चुकता करण्याची संधी चालून येत होती.

७/
त्या काळी सिनेटचे सदस्य विधिमंडळे निवडत. नोव्हेंबर १७८८ मध्ये मते मोजली गेली : रिचर्ड हेन्री ली ९८, विल्यम ग्रेसन ८६, मॅडिसन ७७. जागा दोनच होत्या. ज्याच्या हातून घटना घडली, त्याला त्याच्याच राज्याने सिनेटचे दार बंद केले. निवडून आलेले दोघेही घटनेवर नाराज असलेल्या गोटातले. याच अधिवेशनात विधिमंडळाने घटनेच्या फेरविचारासाठी दुसरे राष्ट्रीय अधिवेशन बोलवावे, अशीही मागणी केली.

८/
त्यानंतर प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघ आखले गेले. मॅडिसनच्या ऑरेंज काउंटीभोवती कल्पेपर, स्पॉट्सिल्व्हेनिया, लुईझा, अल्बेमार्ल, अ‍ॅमहर्स्ट, फ्लुव्हॅना आणि गूचलँड अशा सात काउंट्या जोडल्या गेल्या. उमेदवार मतदारसंघात बारा महिने राहिलेला असावा, अशी अटही घालण्यात आली. म्हणजे सोयीचा दुसरा मतदारसंघ शोधण्याचा मार्गही बंद.

९/
याला ‘पहिला जेरीमँडर’ म्हणण्याची प्रथा आहे. येथे थोडा सबुरीने विचार करावा, असे मी सुचवीन. नकाशा पाहिला तर हा मतदारसंघ बऱ्यापैकी सलग आणि आटोपशीर दिसतो. वाकडेतिकडे शेपूट कोठे नाही. काही अभ्यासकांनी याच कारणास्तव जुन्या आरोपावर शंका घेतली आहे. मॅडिसनच्या मित्रांना मात्र यात हेन्रींचा हात स्पष्ट दिसत होता. हेतूविषयी वाद घाला. राहण्याच्या अटीने मॅडिसनची कोंडी केली, एवढे मान्य करावेच लागते.

१०/
आणि मन्रो? हेन्रींच्या गोटाला हवा तसा उमेदवार : शूर, सभ्य, निष्कलंक, घटनेला विरोध केलेला आणि स्पॉट्सिल्व्हेनियातील फ्रेडरिक्सबर्ग येथे वकिली करणारा. शिवाय मॅडिसनचा मित्र. दोघांनी मिळून न्यूयॉर्कमधील मोहॉक खोऱ्यात जमीनही घेतली होती. मित्रांच्या आग्रहामुळे मन्रो उभे राहिले. मैत्री आणि मतभेद एकाच घोंगडीखाली नांदू शकतात का, याचीही ही परीक्षा होती.

११/
मॅडिसन तेव्हा न्यूयॉर्कला, जुन्या काँग्रेसमध्ये होते. मते मागत हिंडणे त्यांना मुळीच रुचत नसे. त्यात मूळव्याधीचा त्रास. खडबडीत रस्त्यांवरून शेकडो मैलांचा प्रवास म्हणजे शिक्षाच. पण व्हर्जिनियाहून मित्रांची पत्रे येत राहिली : या, नाहीतर जागा गेली. डिसेंबरात ते निघाले. घरी पोहोचताच कळले की अफवा त्यांच्या आधीच येऊन बसली आहे. मॅडिसनना घटनेतील एक अक्षरही बदलायला नको आहे, असे गावोगाव सांगितले जात होते.

१२/
ही अफवा सर्वांत जास्त कोणाला झोंबली असेल? बॅप्टिस्टांना. त्यामागे इतिहास होता. क्रांतीपूर्वी व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे राजमान्य चर्च होते. परवान्यावाचून प्रवचन करणाऱ्या बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकले जाई. कल्पेपरच्या तुरुंगाने असे कैदी पाहिले होते. १७७४ मध्ये तरुण मॅडिसननी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात शेजारच्या काउंटीत डांबलेल्या अशा पाच-सहा सज्जनांविषयी संताप व्यक्त केला आहे. बॅप्टिस्टांनी हे उपकार विसरलेले नव्हते. पण नव्या केंद्रसत्तेच्या घटनेत धर्मस्वातंत्र्याची हमी कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

१३/
२ जानेवारी १७८९ रोजी मॅडिसननी जॉर्ज ईव्ह या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाला पत्र लिहिले. माझ्या दृष्टीने या कथेचा कणा हे पत्र आहे. आपण आधी दुरुस्त्यांना विरोध का केला, हे ते लपवत नाहीत : मान्यतेपूर्वी दुरुस्त्यांचा घोळ घातला असता तर संघराज्यच धोक्यात आले असते. आता घटना मान्य झाली, परिस्थिती पालटली. म्हणून पहिल्याच काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या तरतुदी तयार करून राज्यांपुढे ठेवाव्यात : विवेकाचे पूर्ण स्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, ज्यूरीपुढील खटला, सरसकट झडतीच्या वॉरंटांपासून संरक्षण.

१४/
पत्राचा उपयोग झाला. त्याच महिन्यात ब्लू रन येथील बॅप्टिस्ट प्रार्थनास्थळी लोक जमले असता मॅडिसनविरुद्ध बोलणाऱ्याला ईव्ह यांनी उत्तर दिले आणि धर्मस्वातंत्र्यासाठी या माणसाने काय केले आहे, याची आठवण करून दिली. वर्तमानपत्रांतही मॅडिसनची भूमिका छापून आली. दुरुस्त्या हव्यात यावर आता दोन्ही उमेदवारांचे एकमत होते. मतभेद उरला तो कोणत्या दुरुस्त्या आणि कोणत्या मार्गाने, याचा. मन्रोंच्या बाजूला केंद्राचा प्रत्यक्ष कर लावण्याचा अधिकार खुपत होता; मॅडिसन त्यावर तडजोड करायला तयार नव्हते.

१५/
दोघांनी बरोबरच प्रवास केला, एकाच सभेत बोलले. म्हातारपणी मॅडिसननी सांगितलेली एक आठवण फार बोलकी आहे. जर्मन वस्तीतील एका ल्यूथरन चर्चमध्ये उपासना झाली, दोन फिडलांवर संगीत झाले आणि मग दोघांनी लोकांना बाहेर बर्फात उभे करून घटनेवर वाद घातला. जणू एखादी झुंज पाहावी तसे लोक शांतपणे ऐकत राहिले. त्या रात्री बारा मैल घोड्यावरून परतताना मॅडिसनचे नाक हिमदंशाने दुखावले. त्याचा व्रण ते पुढे आयुष्यभर गमतीने दाखवत. घटनेसाठी झेललेली त्यांची ही एकमेव जखम!

१६/
मतदानाचा दिवस. गुप्त मतपत्रिका नव्हती. मतदाराने काउंटीच्या न्यायालयात जायचे आणि सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारायचे. कारकून ते वहीत टिपून घेई. शेजारी, सावकार, जमीनदार, धर्मोपदेशक, सगळे ऐकत असत. अशा वातावरणात प्रत्येक मत ही जाहीर साक्ष होती. कडाक्याच्या थंडीत, बर्फ तुडवत, २,२८० लोकांनी ती दिली.

१७/
निकाल : मॅडिसन १,३०८, मन्रो ९७२. फरक ३३६ मतांचा. काउंटीवार पाहू, कारण खरी मौज तेथेच आहे (मॅडिसन–मन्रो) :
ऑरेंज २१६–९
कल्पेपर २५६–१०३
लुईझा २२८–१२४
अल्बेमार्ल १७४–१०५
अ‍ॅमहर्स्ट १४५–२४६
स्पॉट्सिल्व्हेनिया ११५–१८९
गूचलँड १३२–१३३
फ्लुव्हॅना ४२–६३

१८/
आता एक साधी वजाबाकी करा. ऑरेंज आणि कल्पेपर बाजूला ठेवा. उरलेल्या सहा काउंट्यांत मन्रो ८६०, मॅडिसन ८३६. म्हणजे मॅडिसन तेथे २४ मतांनी मागेच आहेत! ऑरेंज हे त्यांचे घर. तेथील कौल अपेक्षितच. निकाल फिरवला तो कल्पेपरने, जेथे कधीकाळी उपदेशक तुरुंगाच्या गजांआडून प्रवचन करत. मतदानाच्या वहीत कोणाचा पंथ लिहिलेला नाही, त्यामुळे किती मते बॅप्टिस्टांची हे आकड्यांनी सिद्ध करता येत नाही. पण मॅडिसननी आपले महत्त्वाचे पत्र कोणाला लिहिले, हे पाहिले की त्यांचा स्वतःचा हिशेब काय होता ते कळते.

१९/
निवडून आल्यावर काय झाले? येथेच बहुतेक निवडणुकांच्या कथा मान खाली घालतात. ही घालत नाही. ८ जून १७८९ रोजी मॅडिसननी प्रतिनिधिगृहात दुरुस्त्यांचा प्रस्ताव मांडला. त्यांच्याच बाजूचे सहकारी कंटाळले : आधी महसूल उभारू, न्यायालये स्थापू, खाती नेमू, हक्कांची घाई कशाला? विरोधकांनाही उत्साह नव्हता, कारण त्यांना याहून मोठी मोडतोड हवी होती. मॅडिसननी तगादा सोडला नाही. ऑगस्टमध्ये प्रतिनिधिगृहाने १७ दुरुस्त्या संमत केल्या, सिनेटने त्या १२ वर आणल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतील दहा राज्यांच्या संमतीने घटनेचा भाग झाल्या. त्या दिवशी निर्णायक संमती देणारे राज्य होते व्हर्जिनिया.

२०/
आता आक्षेपांकडे वळू. पहिला : हा निव्वळ संधिसाधूपणा होता. मत पाहिजे म्हणून मत बदलले. याला उत्तर असे की मॅडिसनचे मन निवडणुकीआधीच वळू लागले होते. ऑक्टोबर १७८८ मध्ये, सिनेटचा पराभव व्हायच्याही आधी, त्यांनी पॅरिसमधील जेफरसनना लिहिले आहे की सनदेला आपला विरोध नाही, ती तितकी महत्त्वाची वाटत नाही इतकेच. पण लोकांच्या मनात रुजलेली लेखी तत्त्वे कालांतराने बहुमताच्या उन्मादाला आवर घालू शकतील. बीज होते. निवडणुकीने त्याला तारीख दिली : ‘कधीतरी’चे ‘पहिल्याच काँग्रेसमध्ये’ झाले.

२१/
दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : मॅडिसननी हक्क देऊन विरोधकांची हवा काढून घेतली, मूळ मागणी मात्र टाळली. हे खरे आहे. करांचा अधिकार तसाच राहिला, दुसरे अधिवेशन कधीच भरले नाही. सिनेटर ली आणि ग्रेसन यांनी नाराजीची पत्रे घरी धाडली. परंतु मॅडिसननी ईव्ह यांना जे कबूल केले होते ते हक्कच होते, कर नव्हे. दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द येथे जुळतात. लोकप्रतिनिधीकडून याहून अधिक काय मागावे?

२२/
तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि त्याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. तो असा : हा शब्द दिला कोणाला? जमीन बाळगणाऱ्या गोऱ्या पुरुषांना. स्त्रियांना मत नव्हते, भूमिहीनांना नव्हते. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाच्या ७,४७,६१० लोकसंख्येपैकी २,९२,६२७ माणसे गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. दोन्ही उमेदवार गुलामांचे मालक. प्रतिनिधित्वाच्या हिशेबात पाच गुलाम तीन माणसांइतके धरले जात. त्यांच्या बळावर राज्याच्या जागा वाढत, पण त्यांच्या दारी मत मागायला कोणी गेले नाही. ज्याला मत नाही, त्याला वचनही नाही. सनदेत त्यांच्यासाठी एक शब्दही आला नाही.

२३/
त्या मौनाची किंमत पुढे यादवी युद्धाने वसूल केली. महाराष्ट्राला हा धागा परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीबद्दल, हक्कांच्या सनदेबद्दल नव्हे. सनद असूनही माणसे विकली जात राहिली, हे पाहणाऱ्याला कोणत्या घटनेला अभिवादन करावे हे नेमके ठाऊक होते.

२४/
जाता जाता मॅडिसनच्या एका हरवलेल्या दुरुस्तीविषयी. केवळ केंद्रानेच नव्हे, तर कोणत्याही राज्यानेही विवेकस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य आणि ज्यूरीचा हक्क मोडू नये, अशी त्यांची एक सूचना होती. सगळ्या यादीत हीच सर्वांत मोलाची, असे ते म्हणत. सिनेटने तीच गाळली. राज्यांना हक्कांच्या चौकटीत बांधण्याचा घटनात्मक पाया १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने घातला गेला, आणि विसाव्या शतकात न्यायालयांनी त्यावर हळूहळू इमारत उभी केली.

२५/
आणि ते कागदी कुंपण? ८ जूनच्या भाषणात मॅडिसननी स्वतःच्या जुन्या शंकेला उत्तर दिले : हक्क घटनेत आले तर स्वतंत्र न्यायालये त्यांची राखणदार होतील. जेफरसननीही पत्रातून हेच सुचवले होते. कुंपण कागदीच, पण आता त्याला राखणदार मिळाला. आपल्या संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनात्मक दाद मागण्याच्या हक्काला, म्हणजे आजच्या अनुच्छेद ३२ ला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. त्यामागील न्याय हाच आहे. आपल्याकडे मूलभूत हक्क मूळ संहितेतच आले. अमेरिकेला ते निवडणुकीच्या फडात मिळवावे लागले.

२६/
मैत्रीचे काय झाले? निकालानंतर मॅडिसननी जेफरसनना कळवले की राजकीय मतभेद आणि वैयक्तिक स्नेह यांतील भेद दोघांनीही जपला. १८११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसननी मन्रोंना परराष्ट्रमंत्री नेमले. आणखी एक योगायोग : ज्या गेरींनी १७८७ मध्ये सनदेचा प्रस्ताव मांडला, त्यांच्याच नावावरून १८१२ मध्ये ‘जेरीमँडर’ हा शब्द रूढ झाला आणि १८१३ मध्ये तेच मॅडिसनचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. इतिहास नावे फुकट घालवत नाही.

२७/
शेवटी माझे म्हणणे. निवडणुकीतले आश्वासन म्हणजे थाप, असे आपण इतक्या सहज म्हणतो की ते मागण्याचीही लाज वाटू लागते. कल्पेपरच्या शेतकऱ्यांना ती वाटली नाही. त्यांनी त्या काळच्या सर्वांत विद्वान राजकारण्याला विचारले : आमचा हक्क कागदावर कोठे आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत मत राखून ठेवले. विद्वानाचा युक्तिवाद सूक्ष्म होता, पण प्रश्न विचारणाऱ्यांचा अनुभव खरा होता. दोहोंची गाठ पडली म्हणून सनद झाली. प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांच्या वाट्याला काही आले नाही.

२८/
म्हणून हक्कांच्या सनदेचे श्रेय वाटायचे झाले तर एक वाटा मॅडिसनच्या लेखणीला द्या, एक त्यांच्या चिकाटीला, एक मन्रोंसारख्या तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याला. आणि सर्वांत मोठा वाटा त्या थंडीत बर्फात उभे राहून दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या निनावी मतदारांना.

धागा येथे संपतो. तुमच्या मते श्रेय कोणाचे, आणि तिसऱ्या आक्षेपाला कोणाकडे उत्तर आहे का, ते खाली अवश्य लिहा.